सुभेदारांची उन्हातली पंगत

सुभेदार हंबीररावांनी ताटाकडे पाहिलं, मग ताट वाढणाऱ्या बायकोकडे पाहिलं आणि पुन्हा ताटाकडे पाहिलं. ताटात एक नाचणीची भाकरी, उकडलेला दोडका आणि काकडीच्या फोडी होत्या.

"हे काय?"

"जेवान," चंद्राबाई म्हणाल्या.

"कुणाचं?"

"तुमचं. डाक्टरनी सांगितलंय. रगतात साखर वाढलीया, पोट तर दारात येतंय आन् मागनं तुमी येताय. आजपास्नं तेल न्हाई, भात न्हाई, मटान तर अजाबात न्हाई."

फौजेतून निवृत्त होऊन सुभेदार रहिमतपूरला घरी आले, त्याला बरीच वर्षं झाली होती. मुलगा पृथ्वीराज सध्या फौजेत, लांब सीमेवर. घरात उरले तिघंच, सुभेदार, चंद्राबाई आणि सून संयोगिता. संयोगिता वाईची. गावातल्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची. तो रविवार होता आणि ती सोप्यात फरशीवर दोन मोठे तक्ते पसरून रंगवत बसली होती. एका तक्त्यावर माणसाची पचनसंस्था होती, तोंडापासून थेट शेवटापर्यंत. दुसऱ्यावर एक हिरवंगार झाड होतं, त्याच्यावर सूर्याचे पिवळे बाण येत होते आणि वर मथळा होता, 'वनस्पती आपले अन्न स्वतः तयार करतात.'

हंबीररावांची नजर दोडक्यावरून उठली आणि त्या मथळ्यावर जाऊन बसली. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

"संयोगिता, ह्ये झाड काय करतंय?"

"अन्न तयार करतंय, मामंजी. मुळांनी पाणी ओढतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि उन्हाच्या जोरावर पानात साखर बनवतं."

"आन् त्येला वाढतंय कोण?"

"कुणीच नाही. स्वतःचं स्वतः करतं."

"ऐकलंस का?" सुभेदार बायकोकडे वळले. "झाडाला बायकू न्हाई, डाक्टर न्हाई, दोडका न्हाई. उनात हुबं ऱ्हातंय आन् आपलं आपण करून खातंय. कुणाचं बोलणं ऐकून घ्यायला नगं."

"मग ऱ्हावा की तुमी बी उनात. माझा गॅस वाचंल."

"ऱ्हाईन!"

"ऱ्हावा!"

"तू सवताहून जेवाय बलवत न्हाईस, तवर ह्या घरातला घास तोंडात घालणार न्हाई. सुभेदाराचा शबूद हाय."

"आन् तुमी सवताहून मागत न्हाई, तवर मी वाढणार न्हाई. सुभेदाराच्या बायकूचा शबूद हाय."

संयोगितेने ब्रश खाली ठेवला. "मामंजी, अहो, पानात हरितद्रव्य असतं म्हणून त्याला जमतं. आपल्या अंगात हिरवं काही नसतं."

"मला नगं सांगू. हिरव्या कपड्यात हयात गेलीया माझी."

त्यांनी ट्रंकेतून फौजेतला जुना हिरवा शर्ट काढला, घातला, पोटावरची तीन बटणं लागेनात ती तशीच सोडली आणि प्लॅस्टिकची खुर्ची उचलून ते गच्चीवर गेले.

सुभेदारांचा हिशेब सरळ होता. घरातली भांडणं आजवर चहाच्या पुढं टिकली नव्हती. पण त्या दिवशी चहा आला नाही. त्याच्याऐवजी लसणाच्या फोडणीचा वास आला. सुभेदारांनी खुर्ची पूर्वेकडे फिरवली. वास पूर्वेकडून आला. पश्चिमेकडे फिरवली, तर तो आधीच तिकडे जाऊन बसला होता.

इतक्यात शेजारच्या गच्चीवर आप्पासो आले. आप्पासो आल्याचे व्यापारी. बाजारात माल पोचायच्या आधी बातमी पोचवण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

"सुभेदार, भर उनात काय करताय?"

बायकोशी भांडून गच्चीवर बसलोय, हे फौजी माणसाच्या तोंडून कसं निघणार? सुभेदार म्हणाले, "जेवतूय."

"ताट कुठंय?"

सुभेदारांनी मान वर करून सूर्याकडे बोट दाखवलं. "त्ये काय!"

आप्पासो कठड्याला टेकले. "म्हंजी उन खाताय?"

"झाडं खात्यात, तवा तुमाला नवल वाटत न्हाई. शास्त्र हाय ह्ये. आमच्या सूनबाईच्या तक्त्यावर समदं लिवलंय."

"आन् लागतंय कसं?"

इथं गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण आजवर सुभेदारांना एवढ्या आदरानं कुणी काही विचारलं नव्हतं. "सकाळचं हलकं असतंय, पवं खाल्ल्यावानी. बाराचं जरा तिखाट. चारचं गोडसर."

"आन् पाणी? वरनं घ्यायचं, का मुळाला घालायचं?"

"दोनी चालतंय," सुभेदार म्हणाले.

आप्पासोंनी मोबाइल काढला. दिवस मावळायच्या आत सुभेदारांचा उघड्या बटणांचा व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवरून गावाच्या ग्रुपवर, तिथून तालुक्याच्या आणि तिथून पाहुण्यारावळ्यांच्या ग्रुपवर गेला. दारात माणसं जमली.

"काकू, खरं हाय का वं? सुभेदार उनावर जगत्यात?"

चंद्राबाईंनी मनात आणलं असतं तर एका वाक्यात नवऱ्याची फजिती करता आली असती. पण घरातलं भांडण उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही त्यांची जुनी रीत होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "खरं हाय की. लय खात्यात. दुपारी दोनदा वाढून घेतलं."

आता सुभेदारांना खाली येऊन काही मागायची सोय उरली नाही.

दिवेलागणीच्या आधी सुभेदार मागच्या जिन्यानं गुपचूप सटकले. संयोगिता त्यांना शोधत स्कूटीवरून मळ्यात गेली. सुभेदार बांधावर बसून ऊस सोलत होते. सुनेला बघून त्यांनी कांडकं पाठीमागं लपवलं, पण तोंडातला चोथा लपवता आला नाही.

"असू द्या, मामंजी," ती हसू दाबत म्हणाली. "शब्द घरातल्या घासाचा होता. हा तर शेतातला. आणि तसं बघितलं तर उसातली साखर म्हणजे साठवलेलं ऊनच."

सुभेदार चावायचे थांबले. "म्हंजी मी आत्ता उनच खाल्लं?"

"एका अर्थी."

"मग ज्वारी?"

"तीही उन्हावरच होते."

"आन् शेळी? शेळीनं पाला खाल्ला, पाल्यानं उन खाल्लं. म्हंजी मटान ह्ये उनच की! जरा लांबच्या रस्त्यानं आलेलं."

संयोगितेच्या लक्षात आलं, आपण धडा नको तिथपर्यंत शिकवला. "मामंजी, प्रत्येक पायरीला त्यातली ऊर्जा कमी होत जाते," ती घाईनं म्हणाली.

"मग जरा जास्त खायाचं," सुभेदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जाहीर केलं, "म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला जाऊन येतू." रहिमतपुरात आता त्यांना वडापाव खाणंसुद्धा अवघड झालं होतं. म्हसवड लांब, तिथं आपल्याला कोण ओळखतंय? शिवाय स्टँडजवळच्या एका खानावळीतलं मटण त्यांना ठाऊक होतं.

"जावा की," चंद्राबाई म्हणाल्या. "तिकडं उन बी चांगलं पडतंय."

सुभेदार खानावळीत पोचले तेव्हा पोटात कावळेच काय, घारी ओरडत होत्या. ताट आलं. बाजरीची गरम भाकरी, सुकं, रस्सा, कांदा, लिंबू. सुभेदारांनी लांबच्या रस्त्यानं आलेल्या त्या उन्हाला मनोमन हात जोडले, भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला आणि तोंडापाशी नेला. तोंड उघडलं, तेवढ्यात गल्ल्यावरचा मालक हातातल्या मोबाइलकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत उठून आला.

"आवं, तुमी रहिमतपूरचं सुभेदार न्हवं? उनावर जगणारं?"

घास हवेत थांबला. त्यातून रश्श्याचा एक थेंब ताटात पडला. सुभेदारांनी त्याच्याकडे फार प्रेमानं पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले.

"मग ह्ये ताट?"

"ह्ये... अभ्यासाला मागवलंय. खाणारी माणसं काय काय खात्यात, जवळनं बघावं म्हणलं."

मालकानं दोन्ही हातांनी, आदरानं, त्यांच्या बोटांतला घास काढून घेतला. "आवं, मग आत कशाला बसलाय? आत अंधार, उपाशी ऱ्हाशीला! ए, सायबास्नी खुर्ची टाका भाईर!"

रस्त्याच्या कडेला, एकाही झाडाची सावली पोचणार नाही अशा जागी खुर्ची टाकण्यात आली. लोकांनी फोटो काढले. एका बाईनं नातवाला त्यांच्या पायावर घातलं. ताटाचे पैसे मालकानं घेतले नाहीत. "उनाचं कसलं पैसं?" म्हणाला. ते ताट एसटीच्या ड्रायव्हरनं सुभेदारांच्या डोळ्यांदेखत हाडं चोखून संपवलं आणि परतीच्या गाडीत, सगळी माणसं सावलीच्या बाजूला खेटून बसलेली असताना, त्यानं सुभेदारांसाठी उन्हाच्या बाजूची सबंध सीट मोकळी ठेवली.

घरी पोचले तर सोप्यात एक तरुण बसलेला. विश्वजित त्याचं नाव. साताऱ्यात सौर बंबाचं नवीन दुकान काढत होता.

"सुभेदारसाहेब, बुधवारी उद्घाटन आहे. फीत तुमच्याच हातनं कापायची. फ्लेक्ससुद्धा लागलाय," त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. फ्लेक्सवर सुभेदार सूर्याएवढे होते आणि सूर्य लिंबाएवढा. "माणूस उन्हावर चालतो म्हटल्यावर बंब का नाही चालणार? गिऱ्हाइकाला लगेच पटंल." त्यानं पिशवीतून कंदी पेढ्यांचा बॉक्स काढून पुढं केला, सुभेदारांनी हात पुढं केला, आणि विश्वजितनं जीभ चावली. "अरे, सॉरी, सॉरी! तुम्ही खात नाही." बॉक्स चंद्राबाईंच्या हातात गेला.

मंगळवार सर्वांत वाईट गेला. आप्पासोंनी स्वतःला सुभेदारांचा मदतनीस नेमून घेतलं होतं. ते सकाळपासून गच्चीवर बसून दर्शनाला येणाऱ्यांना शिस्तीत सोडत होते आणि "सावली पाडू नका, सुभेदार जेवत्यात" असं ओरडत होते. सुभेदारांच्या उशीखाली संयोगितेनं दुकानातून आणून ठेवलेला बिस्किटांचा पुडा होता. घरातला नाही, दुकानातला, म्हणून शब्द मोडत नव्हता. पण गव्हाच्या बिस्किटांवर सुभेदाराचं शरीर किती चालणार?

संध्याकाळी पुडा ठेवायला आलेली संयोगिता हळूच म्हणाली, "मामंजी, एक सांगू? सासूबाईही जेवत नाहीत. ताट वाढून घेतात, दोन घास चिवडतात आणि झाकून ठेवतात."

"का? तिला काय झालं?"

"विचारलं तर म्हणाल्या, समोर बसून नावं ठेवायला कोण न्हाई, घासच उतरंना."

 बिस्किटाचा पुडा तसाच सुभेदारांच्या हातात राहिला.

बुधवारी साताऱ्यात दुकानासमोर मांडव पडला होता. सुभेदारांबरोबर चंद्राबाई, संयोगिता आणि आप्पासोही आले होते. सुभेदारांनी फीत कापली, टाळ्या झाल्या आणि मांडवात पंगत बसली. मटण होतं. पाहुणे मांडवाच्या सावलीत, आणि सन्माननीय सुभेदार मांडवाबाहेर उन्हात, फुलांनी सजवलेल्या खुर्चीवर. पुढ्यात रांगोळीसुद्धा काढली होती.

"सावकाश होऊ द्या, सुभेदार!" पंगतीतून कुणीतरी म्हणालं.

सुभेदारांची नजर मांडवात बायकांच्या पंगतीकडे गेली. चंद्राबाईंच्या पुढं भरलेलं ताट होतं. त्यांनी घास केला, हातात फिरवला आणि परत ताटात ठेवला. सुभेदारांना वाटलं, उठावं आणि सरळ जाऊन म्हणावं, वाढ बाई, चुकलं. आख्खा सातारा हसला तरी चालंल. ते खुर्चीतून अर्धे उठलेही.

नेमकं तेव्हाच आभाळ भरून आलं. अजिंक्यताऱ्याच्या बाजूनं एक काळा ढग आला आणि सूर्यावर बसला.

"थांबा, थांबा!" आप्पासो हातातली नळी सोडून धावत आले. "सुभेदारांचं जेवान गेलं! ताटावरनं उठवू नका त्यास्नी! विश्वजित, लाईट आणा!"

मांडवाच्या खांबाचा हॅलोजन दोघांनी सोडवून आणला आणि सुभेदारांच्या तोंडासमोर धरला. "गरम गरम हाय," आप्पासो म्हणाले, "घ्या." दुसऱ्या एकानं विचारलं, "आन् पाण्याचं?" आणि उत्तराची वाट न बघता तांब्याभर पाणी त्यांच्या बुटांवर ओतलं. विश्वजितनं प्रसंग सावरायला माइक आणला आणि तोंडासमोर दिवा होता म्हणून त्यांच्या पोटाशी धरला. "साहेब, दोन शब्द!"

सुभेदारांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी पोट बोललं.

तो आवाज साधा नव्हता. आधी कुठंतरी खोल दार करकरल्यासारखं झालं, मग रिकामा पिंप उतारावरून गडगडत गेल्यासारखं, आणि शेवटी एक लांबलचक, करुण सूर. तो दोन मोठ्या कर्ण्यांतून पार कोपऱ्यावरच्या चौकापर्यंत ऐकू गेला. एका कुत्र्यानं त्याला उत्तर दिलं.

सगळ्या पंगतीनं माना वळवल्या.

"मशीन चालू झालं!" आप्पासो ओरडले आणि मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेव्हा चंद्राबाई उठल्या. हात धुतला, पदर खोचला, मांडव ओलांडून आल्या आणि विश्वजितच्या हातातला माइक काढून घेतला.

"मंडळी," त्या म्हणाल्या, "ह्यांचा परयोग आजच्याला पुरा झाला. सूर्यनारायणानं त्याचं काम केलं. पर झाड किती बी उनात असलं तरी मुळाशी खत घालावंच लागतंय. ह्यास्नी मी घरी न्हेऊन खत घालते."

"कुठलं खत, काकू?" एका शेतकऱ्यानं मनापासून विचारलं.

"माझ्या हातचं," चंद्राबाई म्हणाल्या, आणि ओल्या बुटांच्या सुभेदारांना हाताला धरून विश्वजितच्या गाडीत बसवलं. संयोगिता पुढच्या सीटवर बसली.

गाडी साताऱ्याबाहेर पडली. मग सुभेदार खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शेवटी तूच बलवलंस."

"मी कुठं बलवलं? खत घालते म्हणलं."

"मग मी बी काय मागितलं न्हाई."

"तुमी न्हाई मागितलं. तुमच्या पोटानं मागितलं. आख्ख्या साताऱ्यानं ऐकलंय."

पुढच्या सीटवर संयोगितेचे खांदे हलायला लागले. सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला, आणि मग त्यांनाही हसू आवरलं नाही.

घरी चंद्राबाईंनी तेच ताट वाढलं, नाचणीची भाकरी आणि उकडलेली भाजी. सुभेदारांनी एक भाकरी संपवली, दुसरी संपवली, तिसऱ्या भाकरीला म्हणाले, "ह्या भाजीला चव म्हणून न्हाई बघ."

"व्हय का?" चंद्राबाई म्हणाल्या आणि स्वतःच्या ताटातला घास चवीनं खाऊ लागल्या.

प्रकरण तिथं मिटलं असतं. पण गल्लीतल्या बायकांनी वेगळाच धडा घेतला होता. पुढच्या रविवारी सकाळी आप्पासोंनी घरात "आज जेवाय कायतरी चमचमीत कर" एवढं म्हणायची खोटी, की त्यांची बायको धोंडुबाई प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आली.

"सुभेदारास्नी चालतंय, मग तुमाला काय झालंय? तुमीच तर गावभर सांगत हुता. बसा वर. मला बी सुट्टी पायजे."

दुपारपर्यंत गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक गच्चीवर एकेक खुर्ची दिसायला लागली, आणि प्रत्येक खुर्चीत एकेक केविलवाणा नवरा. खाली बायका एकीच्या ओट्यावर जमून गप्पा मारत होत्या.

सुभेदार स्वयंपाकघराची खिडकी लावून आत जेवायला बसले होते, कारण लोकांच्या लेखी ते अजून उन्हावरच होते. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून आप्पासोंची हाक आली.

"सुभेदार! आवं सुभेदार! सकाळपास्नं खातूय, पर पोटात कायच पडंना! काय करू?"

सुभेदारांनी भाकरीचा घास गालात सरकवला, खिडकी बोटभर उघडली आणि ओरडून सांगितलं,

"गिळू नगा, आप्पासो! चावून खावा!"